औषधावाचून विरलेली गाठ

आपल्याकडे अंगावर गाठ आली की आधी तिला नाव मिळते, औषध मागाहून. पायात काटा मोडून पिकला आणि जांघेत गाठ आली तर ते अवधान. काखेत ठणकते ती काखमांजरी. मानेला मण्यांसारख्या ओळीने येतात ती गंडमाळ. अवधानाला शेक, काखमांजरीला पोटीस, आणि गंडमाळ म्हणजे बहुतेक वेळा क्षयाची गाठ, तिला सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या, सहा महिने न चुकता. एवढे ज्ञान आमच्या आळीतल्या प्रत्येक म्हातारीला आहे, आणि ते खोटे नाही.

२०१४ च्या दिवाळीनंतर, तुरी फुलोऱ्यात असताना, आमच्या थोरल्या दिरांच्या मानेला गाठी दिसल्या. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही तेच म्हणते. दाढी करताना न्हाव्याच्या बोटाला त्या लागल्या. दुखत नव्हत्या, ताप नव्हता, भाकरी रोजच्यासारखी जात होती. मग काखेत चाचपले, जांघेत चाचपले, तिथेही होत्या. रबरासारख्या, बोटाखाली सरकणाऱ्या. पायाला जखम नव्हती, म्हणजे अवधान नव्हे. ठणका नव्हता, म्हणजे काखमांजरी नव्हे. उरली गंडमाळ. पण तपासणीत क्षयही निघेना. तेव्हा जिल्ह्याच्या गावच्या डॉक्टरांनी मानेतली एक अख्खी गाठ काढून तपासायला पाठवायचे ठरवले.

इथेच घरात पहिला खटका उडाला. "गाठीला लोखंड लावलं की ती अंगभर पसरती" असे आमच्या चुलत सासूबाई सांगू लागल्या. ही समजूत गावोगाव आहे आणि तिने पुष्कळांचे नुकसान केले आहे. गाठ तपासल्याने पसरत नाही. न तपासता ठेवली तर मात्र ती कशाची आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, कारण क्षयाची गाठ आणि कॅन्सरची गाठ हाताला सारखीच लागू शकते. आबा हट्टी माणूस, त्यांनी गाठ काढून घेतली आणि चौथ्या दिवशी मोटेसारखा आवाज काढून गड्यांना हाका मारायला शेतात हजर झाले.

निदान आले ते लिंफोमाचे. हे नाव आम्ही प्रथमच ऐकले. माझी धाकटी लेक परिचारिका आहे, तिने ते आम्हाला समजावले. आपल्या अंगात मान, काख, जांघ, छाती, पोट अशा ठिकठिकाणी शेकडो लहान लहान ग्रंथी असतात. जुन्या काळी गावच्या वेशीवर जागले असत, तशा या ग्रंथी. अंगात शिरणारा जंतू ओळखायचा, अडवायचा, मारायचा, हे काम तिथल्या पांढऱ्या पेशी करतात. अवधान येते तेसुद्धा याच कामापायी. पायातला जंतू वर चढू नये म्हणून जांघेतली ग्रंथी झुंजते आणि सुजते. लिंफोमा म्हणजे या राखणदार पेशींपैकीच एखादी बिघडते आणि आपल्यासारख्याच अगणित पेशी जन्माला घालीत सुटते. कुंपणाने शेत खावे तसा हा कॅन्सर.

आता खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. डॉक्टरांनी आबांचे रक्त, पोटाची आणि छातीची तपासणी, हाडातला मगज, सगळे पाहिले आणि म्हणाले, "सध्या औषध नको. दर तीन महिन्यांनी दाखवायला या."

आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. कॅन्सर म्हणता आणि औषध देत नाही, म्हणजे माणूस हातचा गेला म्हणूनच ना? थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या अक्का, तिथेच पदर तोंडाला लावून बसल्या. डॉक्टरांना ही धास्ती ठाऊक असावी. त्यांनी खुर्ची ओढली आणि सावकाश सांगितले. लिंफोमा हा एक रोग नाही, त्याच्या कितीतरी जाती आहेत. आबांचा फॉलिक्युलर जातीचा, मुंगीच्या पावलाने चालणारा. तो समूळ काढून टाकणारे औषध सहसा सापडत नाही, पण अनेक माणसे त्याच्यासह पुष्कळ वर्षे जगतात. अंगाला त्रास नसताना आधीच जालीम औषध दिल्याने माणूस जास्त जगतो असे दिसून आलेले नाही, औषधाचा त्रास मात्र होतो. म्हणून नजर ठेवायची. ताप आला, वजन उतरले, गाठी भराभर वाढल्या, तर औषधाची वेळ झाली असे समजायचे.

"आन् कधी तर बारीकबी होत्यात," असे काहीसे ते शेवटी म्हणाल्याचे आबा सांगतात. आम्हा बायकांच्या कानांवर ते पडलेच नाही.

२०१५ गेले. गाठी होत्या तशा होत्या. २०१६ च्या उन्हाळ्यात न्हाव्यानेच पुन्हा सांगितले, "आबा, मान मोकळी लागतीय." खरेच, बोराएवढ्या गाठी हरभऱ्याएवढ्या झाल्या होत्या. पावसाळा संपेतो त्या हाताला लागेनाशा झाल्या. पोटाची सोनोग्राफी केली, आतल्या गाठीही निम्म्याहून लहान झालेल्या. दोन वर्षांत आबांच्या पोटात कॅन्सरची एक गोळी गेली नव्हती.

श्रेय घ्यायला मग रांग लागली. अक्कांनी तुळजापूरच्या भवानीला कोजागिरीला पायी येण्याचा नवस केला होता आणि तो फेडलाही होता. आठवड्याच्या बाजारात बसणारा एक वैदू होता, त्याने दिलेली मुळी आबांनी महिनाभर उगाळून लावली होती, केवळ अक्कांचे मन राखायला. त्या वैदूने हां हां म्हणता चार गावांत बोभाटा केला. आबांचे स्वतःचे मत वेगळेच. त्यांनी त्याच साली तंबाखू सोडली होती, तेव्हा तिचाच हा गुण, असे ते मुलांना बजावू लागले. मुलांनी तंबाखूला हात लावू नये म्हणून मीही त्यात कधी मोडता घातला नाही.

डॉक्टर हसले. म्हणाले, "मला तर यातलं काहीच घेता येत नाही, मी औषधच दिलेलं नाही. श्रेय कुणीही घ्या, तपासणी चुकवू नका."

लेकीने मग मला एक जुना लेख वाचून दाखवला, इंग्रजीतला, आणि मराठीत सांगितला. अमेरिकेत कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मोठे रुग्णालय आहे. तिथल्या सँड्रा हॉर्निंग आणि सॉल रोझेनबर्ग या डॉक्टरांनी १९८४ साली एक हिशेब मांडला. मंद चालीच्या लिंफोमाचे ८३ रुग्ण त्यांनी सुरुवातीला औषध न देता नुसते नजरेखाली ठेवले होते. त्यातल्या १९ जणांच्या गाठी आपोआप लहान झाल्या किंवा गेल्या. शंभरात तेवीस! त्यांनी ना तुळजापूर पाहिले होते, ना आमच्या बाजारातला वैदू. मात्र याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. त्या ८३ जणांपैकी पुष्कळांना पुढे काही वर्षांत औषध घ्यावेच लागले. गाठ विरणे आणि रोग बरा होणे या दोन गोष्टी निराळ्या, हे त्या कागदावरून मला पहिल्यांदा नीट उमगले.

नवसाविषयी मी काही बोलणार नाही. अक्कांना त्या दिवसांत ज्याने धीर दिला ते वाईट कसे म्हणावे? मुळीविषयी मात्र बोलायला हवे, कारण ती मुळी आमच्या घरापुरती राहिली नाही.

२०१८ च्या श्रावणात एक संध्याकाळी गावातलाच एक गृहस्थ आमच्या ओसरीवर येऊन बसला. पाणी दिले ते प्यायला नाही. दोन एकर कोरडवाहू, आणि एकुलता एक बावीस वर्षांचा मुलगा. पोरगा तालमीतला. तीन महिन्यांपासून त्याला कोरडा खोकला, अंगाला खाज, आणि रात्री अंथरूण पिळून काढावे इतका घाम. वजन दहा-बारा किलोने उतरले होते. मानेच्या बुडाशी, गळ्याच्या हाडावर, गाठ आली होती. शहरात तपासले तर छातीतही गाठींचा गठ्ठा. लिंफोमाच, पण हॉजकिनचा.

डॉक्टरांनी लगेच केमो सुरू करायला सांगितले होते. बापाने चार लोकांकडून ऐकले होते की आबांची गाठ औषधावाचून गेली. तो ती मुळी मागायला आला होता. वैदूने त्याला तीन महिन्यांचा वायदा दिला होता आणि आगाऊ पैसेही घेतले होते.

आबांना मी इतके अस्वस्थ कधी पाहिले नव्हते. ते म्हणाले, "अरे, शाळूबी ज्वारी आन् हायब्रीडबी ज्वारीच. पर एकाला नुसत्या थंडीवर येऊ देत्यात, दुसऱ्याला येळेवर खतपाणी न्हाई दिलं तर हाती काय लागतं? माझ्या गाठीचं नाव घिऊन तू पोराच्या गाठीचा इचार करू नगंस."

बाप ऐकेना. त्याची भीती समजण्यासारखी होती. केमोने केस जातात, पोरगा वाळतो, पुढे मूलबाळ होत नाही, शेत विकावे लागते, आणि एवढे करून माणूस राहत नाही, असेच त्याने ऐकलेले. समोर मात्र आबा बसलेले, धडधाकट, औषधावाचून. डोळ्यांना दिसणारा पुरावा आणि डॉक्टरचा शब्द यांत माणूस पुराव्याकडेच झुकतो. यात त्याला अडाणी म्हणण्यासारखे काही नाही.

पण पुरावा दुसऱ्याच रोगाचा होता. या रोगाची उलटी तऱ्हा अशी की जो लिंफोमा मुंगीच्या चालीचा, तो आपोआप विरूही शकतो पण समूळ जायला मागत नाही. आणि हॉजकिनसारखा, जो पोराबाळांना धरतो, अंग वाळवतो, छातीत गठ्ठे करतो, तो औषधाने बहुतेकांचा पुरता बरा होतो. टॉमस हॉजकिन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८३२ साली त्याचे वर्णन केले, तेव्हापासून शंभरावर वर्षे हा रोग म्हणजे मरणच होते. आज ज्या थोड्या कॅन्सरांना डॉक्टर छातीठोकपणे "बरा होईल" म्हणतात, त्यांत हॉजकिन वरच्या ओळीत आहे. पण तो वेळेवर औषध मिळाले तर. वाट पाहत बसले तर तो थांबत नाही.

रात्री दहापर्यंत ओसरीवर हेच चालले होते. शेवटी पोराची आई आली. बराच वेळ ती दाराशी उभी राहून ऐकत होती. तिने आबांना एवढेच विचारले, "भाऊजी, तुमची आता कायमची गेली का?"

आबा म्हणाले, "न्हाई वैनी. डॉक्टर म्हनत्यात पुन्हा यील."

"मग ती मुळी माझ्या लेकाला नको," असे म्हणून ती उठली.

दुसऱ्या आठवड्यात केमो सुरू झाली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केशरी रेशन कार्डावर उपचाराचा खर्च भागला. खर्च झाला तो एस.टी.चा, राहण्याचा, आणि बुडालेल्या मजुरीचा. तो काही थोडा नव्हता, पण शेत विकावे लागले नाही. दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून चार औषधे, असे बारा वेळा. पहिल्या खेपेला आबा त्याच्याबरोबर गेले आणि दिवसभर खाटेशेजारी बसून राहिले. परत आल्यावर म्हणाले, "पोरगं वकलं, पन रडलं न्हाई." केस गेले. तोंड आले, भाताची पेज तेवढी जायची. वैदूने आगाऊ घेतलेले पैसे परत दिले नाहीत, हे सांगायलाच नको. २०१९ च्या उन्हाळ्यात स्कॅन झाला, त्यात रोग उरला नव्हता.

आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेर आबांच्या गाठी परतल्या. या वेळी मानेच्या नव्हे, पोटातल्या. त्यांनी मूत्रनळी दाबली, पायाला सूज आली. डॉक्टर म्हणाले, आता वेळ झाली. तीन-तीन आठवड्यांनी सहा खेपा औषध घेतले, २०२० च्या टाळेबंदीच्या तोंडावर ते संपले. गाठी गेल्या. आपोआप गेल्या होत्या त्यापेक्षा झपाट्याने.

२०२१ उजाडले आणि मोबाईलवर एक बातमी फिरू लागली. कोरोनाने कॅन्सर बरा केला म्हणे! पारावरची टवाळ पोरे आबांना म्हणाली, "आबा, तुम्ही घाई केली. थोडं थांबला असता तर फुकटात काम झालं असतं." बातमी पुरती खोटी नव्हती, म्हणून लेकीला मी ती शोधायला लावली.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल म्हणून समुद्रात घुसलेला मुलूख आहे. तिथल्या ट्रूरो गावच्या रुग्णालयात एकसष्ट वर्षांच्या एका रुग्णाला हॉजकिन लिंफोमा निघाला. त्याची मूत्रपिंडे आधीच निकामी, रक्त यंत्रावर शुद्ध करावे लागे. कॅन्सरचे औषध सुरू होण्याआधीच त्याला कोरोनाचा न्यूमोनिया झाला. अकरा दिवस तो रुग्णालयात होता. त्याला ना केमो दिली, ना स्टिरॉइड. घरी गेला. चार महिन्यांनी स्कॅन केला तर अंगभरच्या बहुतेक गाठी विरलेल्या. सारा चॅलनर आणि डेव्हिड टकर या डॉक्टरांनी २०२१ च्या जानेवारीत ही हकिगत वैद्यकीय मासिकात छापली. त्यांचा कयास असा की कोरोनाशी लढायला अंगातली सारी फौज उठली, आणि त्या धुमश्चक्रीत तिने कॅन्सरच्या पेशींनाही गाठले.

कयास म्हटले ते जाणूनबुजून. एका माणसाच्या हकिगतीवरून त्यांनीही छातीला हात लावून काही सांगितले नाही. त्याच काळात लिंफोमाचे किती रुग्ण कोरोनाने दगावले ते पाहा! लिंफोमा झालेल्याची राखणच ढिली झालेली असते, त्याला कोरोना अधिक घातक. ती बातमी मात्र मोबाईलवर फिरली नाही.

असे पूर्वीही घडले आहे. आफ्रिकेत युगांडा म्हणून देश आहे, केळी आणि कापूस पिकवणारा. तिथे डेनिस बर्किट नावाचे आयरिश शल्यचिकित्सक काम करीत. लहान मुलांच्या जबड्याला, डोळ्याच्या खोबणीत, पोटात भराभर वाढणाऱ्या गाठी येतात हे पाहून त्यांनी १९५८ साली या रोगाचे वर्णन छापले. तोही लिंफोमाच, आणि फार वेगाने वाढणारा. पुढे १९६१ साली ते दोन सोबत्यांना घेऊन एका जुन्या मोटारीतून दहा हजार मैल हिंडले, वाटेतल्या दवाखान्यांत चौकशी करीत, आणि हा रोग कुठे आहे, कुठे नाही याचा नकाशा केला. जिथे ऊन, पाऊस आणि हिवताप, तिथे हा रोग. हा डॉक्टर मला फार आवडतो. हाताखाली मोठी प्रयोगशाळा नाही, तर धुळीचे रस्ते तुडवून त्याने शोध लावला.

त्याच देशात १९७१ च्या सुमारास आठ वर्षांचा एक मुलगा उजव्या डोळ्यावर अशीच गाठ घेऊन आला. औषध सुरू होण्याआधीच त्याच्या अंगावर गोवर उठला. जसजसा गोवर फुलला तसतशी डोळ्यावरची गाठ बसत गेली. एव्रम ब्लूमिंग आणि जॉन झीग्लर या डॉक्टरांनी ते फोटोंसह छापले. आता याचा अर्थ गोवर चांगला असा कुणी लावू नये. गोवराने आजही जगात लेकरे मरतात, आणि लस टोचून तो टाळता येतो. पण त्या मुलाने डॉक्टर लोकांच्या डोक्यात एक किडा सोडला.

किडा खरे तर त्याहून जुना. न्यू यॉर्कमध्ये विल्यम कोली म्हणून तरुण शल्यचिकित्सक होते. जुन्या नोंदी चाळताना त्यांना मानेच्या गाठीचा एक रुग्ण सापडला. गाठ लिंफोमाची नव्हे, दुसऱ्या जातीची, कितीदा कापली तरी पुन्हा येणारी. त्या रुग्णाला जखमेवर धावरे उठले, ताप चढला, आणि गाठ विरली. कोलींनी गल्ल्या पालथ्या घालून त्या माणसाला सात वर्षांनी हुडकून काढले, तो ठणठणीत होता. मग १८९१ पासून कोली गाठीच्या रुग्णांना मुद्दाम धावऱ्याचे जंतू टोचू लागले. काहींना गुण आला. काही त्या तापानेच गेले. देवाने एकदा दिलेले हात धरून घ्यायला जावे तर असे होते, असे मला तेव्हा वाटले. पण कोलींना हसणारे लोक मागे पडले आणि त्यांचा विचार उरला, हेही खरे.

लिंफोमाच अधूनमधून असा का विरतो, बाकीचे कॅन्सर क्वचितच का, याचेही थोडे उत्तर मिळू लागले आहे. मुळात त्या राखणदार पेशी. बिघडल्या तरी त्यांना हुकूम ऐकायची सवय असते. काही लिंफोमा तर बाहेरच्या चिथावणीवरच जगतात. १९९३ साली लंडनच्या डॉक्टरांनी जठरातल्या मंद लिंफोमाचे सहा रुग्ण घेतले आणि त्यांना कॅन्सरचे औषध न देता जठरातला एक जंतू मारणारी साधी औषधे दिली, अल्सरवर देतात ती. सहांपैकी पाचांचा लिंफोमा विरला. पाझर बंद झाला की ओढ्याकाठचे पाणकणीस वाळते, तसे. संधिवातावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी घेणाऱ्या काहींना लिंफोमा झाला आणि नुसती गोळी थांबवताच तो ओसरला, अशाही नोंदी आहेत. गोळीने दबलेली राखण पुन्हा जागी झाली. अर्थात संधिवाताची गोळी कुणी हा लेख वाचून बंद करू नये, ते डॉक्टरांना विचारूनच.

म्हणजे "आपोआप" हा शब्द आपण वापरतो तेवढा खरा नाही. काहीतरी घडलेले असते. कधी ते सापडते, कधी नाही. आबांच्या बाबतीत सापडले नाही. दोन अमेरिकन डॉक्टरांनी, एव्हरसन आणि कोल यांनी, कॅन्सरच्या अशा आपोआप विरलेल्या गाठींच्या नोंदी जगभरातून गोळा करून १९६६ साली पुस्तक काढले. पारखून घेतलेले रुग्ण किती, तर १७६. साऱ्या जगातून, जवळजवळ साठ-पासष्ट वर्षांतून, एकशे शहात्तर! कॅन्सरने त्या काळात किती लाख माणसे गेली असतील? त्या ढिगातून हे एवढे दाणे.

आणि त्या दाण्यांचेच आता पीक घेऊ पाहत आहेत. राखणदार पेशींच्या डोळ्यांवर कॅन्सर जी झापडे बांधतो ती काढायची औषधे निघाली. त्यामागच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. केमोला न जुमानणाऱ्या हॉजकिनमध्ये ही औषधे फार चांगली चालतात. आपल्या मुंबईत आयआयटी आणि परळचे टाटा रुग्णालय यांनी मिळून आणखी एक उपचार तयार केला. रुग्णाच्याच राखणदार पेशी काढायच्या, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचे आणि पुन्हा अंगात सोडायच्या. काही जातींचे लिंफोमा आणि रक्ताचे कॅन्सर इतर औषधांनंतर परत येतात, त्यांच्यासाठी २०२३ साली त्याला सरकारी मंजुरी मिळाली. खर्च काही लाखांत जातो. तो आपल्या आवाक्यात कधी येईल याकडे माझे लक्ष आहे.

भगिनींनो, गाठ अंगावर आली तर घाबरून झोप घालवू नका. बहुतेक गाठी अवधानाच्या, दातदुखीच्या, साध्या तापाच्या असतात आणि दोन-तीन आठवड्यांत बसतात. जी बसत नाही, दुखत नाही, वाढत राहते, किंवा गळ्याच्या हाडाच्या वर येते, ती दाखवा. सोबत रात्रीचा घाम, बारीक ताप, वजन उतरणे असेल तर पेरणी संपायची वाट पाहू नका. आपल्या पुरुषमाणसांना "सुगी झाली की जाऊ" म्हणायची सवय असते. आणि डॉक्टर औषध न देता "नजर ठेवू" म्हणाले तर तो रोग कुठल्या जातीचा ते कागदावर लिहून घ्या. आबांचा कागद अक्कांनी रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवला आहे. कुणी मुळीची चौकशी करायला आला की त्या आधी त्याचा कागद मागतात आणि हा काढून दोन्ही शेजारी शेजारी धरतात. त्यांना वाचता येत नाही, पण नाव निराळे आहे एवढे अक्षरांच्या वळणावरून ओळखतात.

अजून लोक येतात. वर्षाकाठी दोन-तीन तरी. वैदू आता बाजारात बसत नाही, दुसऱ्या तालुक्यात गेला असे ऐकते. आबांना दर सहा महिन्यांनी तपासणीला जावे लागते. गेल्या खेपेला पोटातली एक गाठ जराशी मोठी दिसली, डॉक्टर म्हणाले पाहू. तो तालमीतला पोरगा ट्रॅक्टर चालवतो, त्याला मुलगी झाली. गेल्या माघात तिचे बारसे झाले तेव्हा बापाने घुगऱ्यांची पहिली वाटी आबांच्या हातात आणून दिली.